मुराळ्याची गाडी आणि शेवयांचं मशीन

नवलनानाने गाडीचा ब्रेक दाबला की साऱ्या गल्लीला कळायचं. अशी किंचाळी उठायची की ओट्यावर डुलक्या घेणारी म्हातारी माणसं दचकून उठत, नानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि पुन्हा आडवी होत. ब्रेकचे पॅड पार झिजले होते, हे नानालाही कळत होतं. प्रश्न एवढाच होता की ते बदलायचे कोणी.

धरणगाव फाट्यावर भिकनचं गॅरेज होतं. पण रोशनीच्या लग्नात त्याने आज देतो, उद्या देतो करत गाडी अडकवून ठेवली आणि नानाची एकुलती एक पोर दुसऱ्याच्या गाडीत बसून मांडवात गेली. तेव्हा नानाने चारचौघांत बजावलं होतं, "आजपाईन मन्ही गाडीले हात लावू नको!" नाना हट्टाला पेटला की गावातला एकही शहाणा माणूस त्याच्या नादी लागत नसे.

आता उद्या आखाजी होती, खानदेशातली अक्षय्य तृतीया. रोशनीची लग्नानंतरची पहिली. आखाजीला सासुरवाशीण आपली आपण माहेरी येत नाही. माहेरचा मुराळी दारात न्यायला आला, की मगच ती पिशवी उचलते. रोशनीला भाऊ नव्हता, तेव्हा पारोळ्याला मुराळी म्हणून जायचं ते बापानेच. दुपारी निघतो, असा निरोप त्याने देऊन ठेवला होता.

"पप्पा, गाडी गॅरेजला दाखवा, नाहीतर सरळ बसने या," रोशनी फोनवर म्हणाली होती. जळगावला शिकल्यापासून ती पुस्तकीच बोलायची. पण नानाला तिला आपल्याच गाडीतून आणायचं होतं. लग्नातली ती सल अजून त्याच्या काळजात होती.

सकाळी त्याने बाजारातून नवे पॅड आणले, गाडी परसात कडुनिंबाच्या सावलीत घेतली आणि फोनवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हसतखेळत पॅड बदलत होता, त्याचा सदरासुद्धा मळत नव्हता. नानाची सुरुवातच चिखलात झाली. सावली गार होती खरी, पण न्हाणीचं पाणी तिथेच मुरायचं. जॅक काळ्या मातीत रुतायला लागला. नानाने इकडेतिकडे पाहिलं, ओट्यावरचा दगडी पाटा उचलला आणि जॅकखाली सारला. गाडी झोकात वर उचलली गेली.

चाक निघालं. जुने पॅड निघाले. नवे मात्र बसेनात. आतला दट्ट्या बाहेर आला होता, तो मागे सरकल्याशिवाय नव्या जाड पॅडला जागाच नव्हती. नानाने अंगठ्याने दाबलं, मुठीने रेटलं, देवाचं नाव घेतलं, मग शिव्या घातल्या. दट्ट्या हूं की चूं करेना. व्हिडिओतल्या माणसाकडे त्यासाठी खास शिकंजा होता. नानाकडे फक्त घाम होता.

एवढ्यात त्याची बायको प्रमिलाबाई शिजलेल्या डाळीचं पातेलं घेऊन बाहेर आली. पोर गाडीतून उतरल्याबरोबर तिला खापरावरची पुरणपोळी द्यायची, हे तिने महिनाभर आधीच ठरवलं होतं. मिक्सरमधल्या पुरणाला ती पुरण म्हणतच नसे. तिने ओट्यावर पाहिलं, मग गाडीखाली पाहिलं.

"पाटा गाडीखाल ठी दिधा? आते पुरण काय मन्हा डोकावर वाटू?"

"एक घडी थांब वं. आते हुई जाई."

पण होईना. दट्ट्या सरकल्याशिवाय पॅड नाहीत, पॅडशिवाय चाक नाही, चाक बसल्याशिवाय गाडी खाली येत नाही, आणि गाडी खाली आल्याशिवाय पुरण नाही. प्रमिलाबाईने पातेलं खाली ठेवलं आणि पदर खोचून चाकाशी वाकली.

"हाई मांगे दाबानं शे ना?"

नानाने मान डोलावली. ती घरात गेली आणि शेवयांचं पितळी मशीन घेऊन आली. माहेरून आणलेलं, जपून वापरलेलं. खाटेच्या लाकडाला ते ज्या स्क्रूने घट्ट आवळतात, त्या स्क्रूवर तिने बोट ठेवलं.

"खाटले आवळतस ना, तसंच आठे आवळा."

"शेवयास्नं मशीन?"

"मंग? तुम्हनाकडे दुसरं काय शे?"

नाना बाजूला सरकला. मशीन गाडीला लोंबकळलं, प्रमिलाबाईने स्क्रू फिरवला आणि सकाळभर अडून बसलेला दट्ट्या मुकाट मागे गेला. दुसऱ्या चाकालाही तोच उपाय लागू पडला. चाकं बसली, गाडी खाली आली आणि पाटा राखेने घासून, दोन बादल्या पाण्याने धुऊन ओट्यावर परत गेला.

नानाची छाती फुगली. त्याने गाडी सुरू केली आणि परसातून हळूच पुढे घेत ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. ब्रेक नव्हताच! गाडी आपली निवांत पुढे सरकली आणि चुलीसाठी रचलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगात तोंड खुपसून थांबली.

प्रमिलाबाई दारातून खळखळून हसली. नानाला मात्र हसू येईना.  शेजारच्या सीटकडे पाहून त्याला एकच गोष्ट सुचत होती, ही गाडी रस्त्यावर असती आणि पोर इथे बसलेली असती तर? स्वतःच्या जिवावर तो कसलाही हट्ट करायला तयार होता, पोरीच्या जिवावर नाही. त्याने फोन काढला आणि भिकनला लावला.

भिकन मोटारसायकलवर आला. आधी त्याने ढिगात घुसलेली गाडी पाहिली, मग नानाचा चेहरा पाहिला, आणि शहाण्यासारखा थेट कामाला लागला. चाकं काढून नीट तपासलं, एक बोल्ट जरा आवळला. मग सीटवर बसून पायाने ब्रेक दाबत, सोडत राहिला. ब्रेक हळूहळू कडक झाला.

"नाना, काम चोख शे. दट्ट्या मांगे दाबा म्हणजे बरेक दाबी दाबी भरना पडस. तेवढंच राही गयतं." रस्त्यावर एक फेरी मारून आल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "लगीनमा गाडी दिधी नही, ते माले बी डाचस."

नानाचा राग कुठे गेला, त्याचं त्यालाही कळलं नाही. "सांजले पोळी खावाले ये," तो म्हणाला.

पारोळ्याला रोशनी पिशवी भरून दारातच उभी होती. बापाची काळी नखं आणि गाडीच्या जाळीत अडकलेली पऱ्हाटीची काडी तिने पाहिली.

"कोणी केलं काम?"

"मी, तुन्ही माय आनि भिकन," नाना म्हणाला.

ती हसली आणि पुढच्या सीटवर बसली. निघाल्यापासून तिचं तोंड बंद नव्हतं, पण एरंडोल मागे पडेपर्यंत ती गाढ झोपून गेली. नव्या सुनेला सासरी दुपारची झोप कुठली मिळणार?

धरणगाव जवळ आलं आणि वळणावर रस्ताभर बकऱ्या आडव्या आल्या. नानाने ब्रेक दाबला. गाडी हळूच, आवाज न करता थांबली. रोशनीची मान जराशी हलली आणि बापाच्या खांद्यावर कलली. तिला जाग आली नाही.

नानाचे डोळे भरून आले. बकऱ्या निघून गेल्या, रस्ता मोकळा झाला, तरी तो थोडा वेळ तसाच ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिला.