शेवटचा वाफा

शाळेच्या बागेत बाईंनी खुरप्याने माती उकरली, वाकून पाहिलं आणि ती पुन्हा सारखी केली. काहीच नव्हतं. बाकीच्या वाफ्यांत घेवड्याने माना वर काढल्या होत्या. कुंपणाजवळचा हा शेवटचा वाफा मात्र कोरा करकरीत होता.

मुलं मागे गप्प उभी होती. एरवी एकेकाच्या तोंडाला कुलूप घालावं लागे, पण या वाफ्याशी आली की सगळी आपोआप मुकी व्हायची आणि वळसा घालून जायची. हा वाफा बाईंच्या मुलीचा. ती तापाने गेली, आणि त्यानंतर दर हंगामात इथे कुणी न पेरता घेवडा उगवत आला. बाई विज्ञान शिकवणाऱ्या. भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्या पोरांना त्या चांगलं फैलावर घेत. तरी कोंब दिसले की शाळा सुटल्यावर त्या एकट्याच इथे बसत आणि हलक्या आवाजात दिवसभरातलं सगळं सांगत. पाठीशी कुणी उभं आहे असं वाटे. त्या मुद्दाम वळून पाहत नसत.

पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या शाळेत त्यांना बदली मिळत होती. हो की नाही, ते उद्या कळवायचं होतं. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की घेवडा आला तर बेटावर राहायचं, नाहीतर निघायचं, एकटीने. नवऱ्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. तो बोटवाला. मुलगी तापाने फणफणली त्या दिवशी समुद्र खवळला होता आणि तिला पलीकडे दवाखान्यात न्यायला त्याने बोट काढली नव्हती. त्यानंतर ना त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं, ना तोंडी तिचं नाव आलं. दगडाला पाझर फुटेल पण या माणसाला फुटायचा नाही, असं बाई जावेपाशी बोलून दाखवत.

त्यांनी धडा पुढे नेला. खाऱ्या मातीत खत म्हणून समुद्रातलं शेवाळ मिसळायचं तर आधी ते गोड्या पाण्याने धुवायचं. वादळात बोटी बंद पडल्या तरी पेरणी अडू नये, म्हणून बी आपलं आपण राखायचं. शाळेचा नियम सगळ्यांना पाठ होता. पिकलेली एकही शेंग वेलावर राहू द्यायची नाही, तडकायच्या आत तोडून बी राखेत ठेवायचं.

यंदाच शाळेत आलेल्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, शेंगा तर सगळ्या तोडतात. मग या वाफ्यात बी पडायचं कुठून?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. या वाफ्यातल्या शेंगा त्या स्वतःच्या हाताने तोडत, पानांखाली चाचपून, एकही मागे न ठेवता. शिवाय दरवर्षी रोपं उगवायची ती ओळीत, सारख्या अंतरावर. सांडलेलं बी ओळीत उगवत नाही, हे त्यांनीच पोरांकडून घोकून घेतलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. म्हणजे कुणीतरी पेरत होतं, आणि यंदा त्याला पेरता आलं नव्हतं.

घरी नवरा खाटेवर पडून होता. पेरणीच्या तोंडावर धक्क्यावरून पाय घसरला आणि मांडीपर्यंत प्लास्टर बसलं. बाईंनी त्याच्या हातात चहा दिला.

"शाळेत घेवडा आला का?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने कधी केला नव्हता.

"आला. शेवटच्या वाफ्यातसुद्धा."

कप ओठांपाशीच थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिथे कसा येईल?"

"का नाही येणार?"

तो दाराकडे पाहत राहिला, आत्ता तिथून कुणी आत येईल तसा. मग त्याने कप खाली ठेवला आणि टॉवेलने तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. बाईंना स्वतःची लाज वाटली. आणि आपण एकट्या नव्हतो, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

"नाही आला," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले मी. वाफा रिकामा आहे."

चहावर साय धरली.

"अजून पेरता येईल," बाई म्हणाल्या. "उद्या हातगाडीवर बसवून नेते तुम्हाला."

"लोक हसतील."

"हसू देत." त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. "बी किती खोल घालता?"

त्याने टॉवेल बाजूला केला आणि तर्जनीच्या पहिल्या पेरावर अंगठा टेकवला.

"एवढं. तिनेच दाखवलं होतं, तुझ्या वर्गातून शिकून आली तेव्हा."