दिव्याखालचे हात

अल्लाउद्दीननं दारातला मण्यांचा पडदा हातानं बाजूला धरला, तरी नजीरा पायरीवरच थांबली. आतून बिअरचा आंबूस वास आला आणि त्याच्यामागून सुक्या मटणाचा. बाहेर भर दुपार होती. आत दिवे लागलेले होते.

"या भाबी. कोण खात न्हाय तुमास्नी."

पदर कपाळावर ओढून ती आत शिरली. स्टँडमागच्या गल्लीतला हा बार सयाजी नावाच्या माणसाचा. बाईमाणूस बघून तो गल्ल्यावरून उठला आणि बायका इथं येत नाहीत, असं आडून सुचवू लागला. अल्लाउद्दीननं त्याला सगळं सांगितलं. ही माझी भावजय, कबनूरची. माझा थोरला भाऊ बाबालाल सहा वर्षांमागं यंत्रमागावरची पाळी संपवून निघाला, तो घरी आलाच नाही. आता गावातला एक जण म्हणतोय, त्याला इथं कॅरम खेळताना बघितलं.

एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही, कारण ती नजीराची होती. गौस गवंड्यानं तिला मागणी घातली होती, आणि तिलाही तो हवा होता. जमातीच्या म्हाताऱ्यांनी तिला समोर बसवून समजावलं होतं. बाबालाल जिवंत असेल तर त्याच्याकडून तलाक घे. मेला असेल तर विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळ आणि मग खुशाल निकाह कर. पण आधी काय ते ठरू दे. सहा वर्षं ती धड नवऱ्याची नव्हती आणि धड विधवाही नव्हती.

सयाजी जरा नरमला. असा एक माणूस मागच्या खोलीत येतो खरा, म्हणाला. हरणाऱ्या जोडीनं बिअरचं नि खाण्याचं बिल भरायचं, हा इथला रिवाज. आणि तो कधी हरलाच नाही, त्यामुळं त्याच्याशी बोलायची वेळच आली नाही. हे सांगताना तो हसला, पण हसू त्यानं लवकर आवरलं.

मागच्या खोलीत कॅरमवर पत्र्याची टोपी घातलेला दिवा इतका खाली सोडला होता, की उजेड बोर्डापुरताच पडत होता. खेळणारे चौघं अंधारात होते. त्यांचे हात तेवढे उजेडात येत आणि परत जात.

नजीरानं आधी हातच बघितले. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मागाच्या दातेरी चाकानं बाबालालच्या उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर तोडून नेलं होतं. महिनाभर ती जखम तिनंच धुतली होती, तिनंच बांधली होती. आता ती एकेक हात पारखत गेली. सगळी बोटं धड होती.  आपण सुटलो, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"भाई," अल्लाउद्दीननं अंधारात हाक मारली. 

नेम धरलेला एक हात थांबला. त्या हाताचा माणूस पुढं वाकून उजेडात आला. तो बाबालाल होता.

तीच मधोमध तुटलेली भुवई, खालचा ओठ आत दुमडायची तीच खोड. केस मात्र एकही पिकलेला नव्हता. अल्लाउद्दीन रडत त्याच्या खांद्याला बिलगला. कुणीतरी उकडलेल्या अंड्यांची बशी मागवली.

"न्या बाबा ह्याला घरला," अंधारातून एक जण म्हणाला. "आमाला बी एकांदा डाव जिंकू द्या की."

नजीरा जागची हलली नाही. ती त्या बोटाकडं बघत होती. बोट पूर्ण होतं, नखासकट. तिनं अल्लाउद्दीनची बाही ओढून त्याला ते दाखवलं.

"भरून आलं आसंल, भाबी," डोळे पुसत तो म्हणाला. "औषधं लय सुधारल्यात आता."

पालीचं शेपूट पुन्हा उगवतं, माणसाचं बोट उगवत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा इतका उजळला होता, की तिला बोलवेना. तो अंडी घ्यायला बाहेर धावला, तशी ती बोर्डाजवळ गेली. तिघांची बोटं पावडरीनं पांढरी झाली होती. बाबालालची स्वच्छ होती. तिघांच्या ग्लासांतला फेस केव्हाच बसून काचेवर वाळला होता. त्याचा ग्लास आत्ताच ओतल्यासारखा काठोकाठ फेसाळलेला होता.

"त्या बोटाला काय झालतं?" तिनं हळूच विचारलं.

"तूच पुरलंस की. शेवग्याखाली."

 बोटाचा तो तुकडा चिंधीत बांधून तिनं एकटीनं न्हाणीमागच्या शेवग्याखाली पुरला होता, आणि तापात पडलेल्या नवऱ्याच्या कानातच तेवढं सांगितलं होतं.

"मग ह्ये?"

त्यानं बोट दिव्याखाली धरलं, उलटंसुलटं करून बघितलं.

"आता दुखत न्हाय," तो म्हणाला. जरा थांबून त्यानं पुढं म्हटलं, "गौस चांगला हाय. भिंत सरळ लावतोय."

मग त्याचा चेहरा मागं अंधारात गेला. हात तेवढा उजेडात राहिला आणि त्यानं स्ट्रायकर मारला.

अल्लाउद्दीन बशी घेऊन परतला तेव्हा ती त्याच्या बाजूनं निघून गेली. बाहेरच्या उन्हात डोळे मिटून थोडा वेळ उभी राहिली, मग पायरीवर बसली आणि डावा हात दगडावर आपटला. हिरव्या बांगड्या फुटल्या. मग उजवा हात आपटला.

अल्लाउद्दीन बशी हातात घेऊनच धावत आला.

"भाबी, ह्ये काय करताय? एवढा डाव झाला की येतोय म्हनतोय की त्यो!"

"खेळू द्या त्यास्नी."

"आवं, पर—"

तिनं त्याच्याकडं बघितलं. ती रडत होती, आवाज न करता. आतून सोंगट्या भोकात पडल्याचा आवाज आला आणि हरणारे हसले. अल्लाउद्दीनचं तोंड उघडं होतं ते हळूहळू मिटलं.  मग त्यानं बशी पायरीवर ठेवली, खाली बसला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात जाऊ नयेत म्हणून बांगड्यांच्या काचा एकेक करून वेचू लागला.