एवरेटची बिटर

एवरेटने टाकीतून बिटरचे, म्हणजे कडवट इंग्रजी बिअरचे, दोन ग्लास काढले आणि खिडकीत ठेवून दिले. गार बिअर जीभ बधिर करते, म्हणून आधी तिचा गारठा उतरू द्यायचा, हा अमेरिकेतल्या व्हर्माँटमधल्या त्याच्या छोट्या ब्रुअरीचा नेम. तरुणपणी इंग्लंडात यॉर्कशायरच्या एका पबात तो राबला होता. तिथली बिटर त्याने इथल्या, बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सच्या फुलांवर नव्याने उभी केली होती.

"झालं, बसले ग्लास ऊन खात," पिंपं धुणारा ग्लेन म्हणाला. "जगाला फ्रीजमधली लागते, आणि म्हातारबुवांना कोमट."

"तू पिंपं धू. तुझी जीभ सोडा पिऊन कधीच मेली."

त्याच्या मुलीने, लॉरेलने, घोट घेतला. हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा उग्र वास नाकात चढला. माल्टची, म्हणजे मोड आणून भाजलेल्या बार्लीची चव, पावाच्या भाजलेल्या कडेसारखी, त्याखाली कुठेतरी दबून गेली होती. एवरेटनेही घोट घेतला, पण बघत राहिला तिच्या तोंडाकडे.

"काय लागतं, पोरी?"

"पाव. थोडा मध."

"आणि हॉप्स?"

"बेताचे."

"मग पुढच्या खेपेला थोडे वाढवू," तो समाधानाने म्हणाला.

आदल्या हिवाळ्यात तो तापाने पडला, तेव्हापासून त्याला वास येत नव्हता. तो बोलला नव्हता. पण एका सकाळी पाव करपून स्वयंपाकघर धुराने भरलं तरी तो शेजारी पेपर वाचत बसलेला दिसला, आणि तिला कळलं. मग तो विचारायचा, आणि त्याला बरं वाटेल ते ती सांगायची. गंमत म्हणजे गिऱ्हाईक वाढलं होतं. आजवर ज्या बिटरला तरुण पोरं नाक मुरडायची, तीच आता मागून घेत होती. त्यामुळे गप्प राहणं आणखी सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी एवरेट उठलाच नाही. झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं.

दफन उरकून सगळे ब्रुअरीत जमले. ग्लेनने त्याच टाकीतली बिटर सगळ्यांना ओतली.

"म्हातारबुवांच्या नाकाला," तो ग्लास उंचावत म्हणाला. "असं नाक या राज्यात दुसरं नव्हतं. लॉरेल, तू बोल काहीतरी."

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. आता तिला चव विचारणारंही कोणी उरलं नव्हतं. लॉरेलने एक मोठा घोट घेतला, तो तोंडात धरून ठेवला, मग गिळला.

"बाबा," ती म्हणाली. समोरच्या माणसांकडे तिने पाहिलं नाही. "हॉप्स फार झालेत. वर्षभर दर खेपेला वाढतायत. माल्ट लागतच नाही. ही तुझी यॉर्कशायरची बिटर राहिली नाही. तुला वास येत नव्हता, ते मला माहीत होतं. तू मला खरं विचारत होतास. मला ही आवडते, बाबा. पण मी तुला सांगायला हवं होतं."