ऐकणारी गाठ

अंबाबाई धनगरीण म्हणजे खट म्हातारी. मेंढीच्या पोटावर हात ठेवून कोकरू आडवं का उभं ते सांगायची, आणि चुकलीच तर मेंढीला शिव्या घालायची. सुनेच्या, भागूच्या छातीतली गाठसुद्धा पहिल्यांदा तिच्याच हाताला लागली. लेक धुळा दोघींना घेऊन पुण्याच्या दवाखान्यात गेला, तर तिथं डॉक्टरांनी भागूचं पोट फाडून आतलं काहीतरी काढलं आणि छातीला सुरीच लावली नाही. म्हातारी भडकली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही कुठली रीत?

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "आजी, ही गाठ ऐकते. बाईच्या पोटातून एक रस रक्तात उतरतो, त्याची हाक लागली की ही वाढते. तो रस आम्ही बंद केलाय. सगळ्याच गाठी ऐकत नाहीत. का, ते अजून आम्हालाही नीट उमगलेलं नाही."

मुळशीला परतल्यावर म्हातारी रोज भागूच्या छातीवर हात ठेवून बघायची. गाठ आधी सुपारीएवढी झाली, मग हरभऱ्याएवढी, आणि एक दिवस बोटांना लागेचना. कुणी हात लावला नाही, लेप लावला नाही, आणि ती आपली निघून गेली. अंबाबाईला आनंद झाला, पण मनातून ती टरकलीच.

गाठीबरोबर भागूचं महिन्याचं बाहेर बसणंही थांबलं होतं. धुळा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला, आणि म्हातारीचा जीव नातवात अडकलेला. तिनं धनगरी हिशेब केला. मेंढी आटवली तरी पुढं पुन्हा दुधावर येतेच की. गाठ मेली, आता रस सुरू करायला काय हरकत? पौडच्या एका कंपाउंडरकडून तिनं पाळी आणायच्या गोळ्या आणल्या आणि रोज कुटून भागूच्या ताकात घालू लागली. सुनेला एका शब्दानं सांगितलं नाही.

भागू बाहेर बसली तेव्हा म्हातारीनं देवाला गूळ ठेवला. विटाळशीला शिवायचं नाही, म्हणून ताकही ती लांबून, वरून ओतायची. रक्त काही थांबेना. भागू पडवीत बसून राहिली. धरणाचं पाणी उतरलं होतं, बुडालेल्या गावाच्या भिंती वर आल्या होत्या, आणि ही सारखी तिकडंच तोंड करून बसायची. अंग कसं भरलं होतं तिचं. गालावर लाली आलेली. बघून म्हातारी सुखावायची, आणि का कुणास ठाऊक, नजर काढून घ्यायची.

शेवटी रक्त थांबलं, न्हाणं झालं. अंबाबाईनं नेहमीसारखा हात ठेवला. गाठ तिथंच होती. लिंबाएवढी, गरम, आणि काखेत दुसरी. बोटांखाली ती जरा सरकल्यागत झाली, कुणी नाव घेतल्यावर माणूस वळतं तशी. आपणच हिला हाक मारून आणली, हे म्हातारीला लख्ख कळलं.

तिनं सगळं सांगून टाकलं. गोळ्या, ताक, नातू.

भागू म्हणाली, "आत्या, पोर आता व्हनार न्हाई. डाक्टरनं आतलं बीजच मुळासकट काढलंय. तुमाला सांगायचा मला धीर झाला न्हाई."

"आगं, मग ताक कडू लागलं न्हाई व्हय तुला?"

"लई कडू लागायचं. मला वाटलं, तुमी गाठीचंच औषध घालताय. म्हनून एक थेंब सांडू दिला न्हाई."