न आटलेला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना लोकरी हातमोजा आहे, डाव्या हाताचा. माझा उजवा जोडीदार स्वभावाने शांत आहे. मला मात्र जन्मापासून चैन म्हणून नाही. ही खोड मला विणणाऱ्या व्हर्नाची. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या आमच्या छोट्या बेटावर ती पोस्ट सांभाळायची. चार टाके घालायचे, उठून किटली ठेवायची, दारात डोकावायचं, पुन्हा चार टाके. माझे काही टाके घट्ट आणि काही सैल आहेत ते त्यामुळेच.

मी तयार झालो तेव्हा कोणाच्याही हातापेक्षा खूप मोठा होतो. हसू नका. समुद्रावर जाणाऱ्यांचे हातमोजे आमच्याकडे मुद्दाम ढगळ विणतात. बोटीवर ते खाऱ्या पाण्यात बुडवायचे, पिळायचे आणि ओलेच घालायचे. काम करता करता लोकर आटते, दाट होते आणि घालणाऱ्याच्याच मापाची होते. मग ओल्या मोज्यातही हात गरम राहतो.

व्हर्नाने आम्हांला विणलं ते तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीसाठी, लॉटीसाठी. लॉटी एकटीच बोट घेऊन शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायचे सापळे पाण्यातून ओढायला जायची. दर वर्षी पानगळ सुरू झाली की तिला नवा जोड मिळायचा.

"घे, यंदा अंगठा लांब ठेवलाय," व्हर्ना म्हणाली. "गेल्या वर्षी किती कुरकुरत होतीस!"

"मी? अगं, तुझं विणकाम बघून मासे कुरकुरतात," लॉटी म्हणाली आणि तिने आम्हांला छातीशी धरलं.

मी वाट पाहू लागलो. आज पाणी लागेल, उद्या लागेल. पण लॉटीने आम्हांला कोटाच्या खिशातच ठेवलं. बोट खडकाआड नेऊन ती इंजिन बंद करायची आणि नुसती बसून राहायची. खिशात तिचा हात आला की मला त्याची थरथर कळायची. सापळ्याची दोरी आता तिच्या बोटांत टिकत नव्हती. कोणी विचारलं तर, "यंदा शेवंडंच कमी," असं ती सांगायची. शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीच्या कानावर गेलं असतं तर ती आईला तिकडे घेऊन गेली असती. बेट सोडायचं या कल्पनेनेच लॉटीचा जीव कासावीस व्हायचा. माझाही होत होता.

एका शनिवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण होतं, काकवीत शिजवलेल्या घेवड्याचं. मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून लॉटी आम्हांला घालून गेली. व्हर्नाची नजर थेट माझ्यावर पडली.

"लॉटी, हे अजून ढगळ कसे?"

"जपून वापरते गं."

"जपून वापरायला तू काय नवी नवरी आहेस? चार दिवस समुद्रावर गेली असतीस तरी निम्मे झाले असते. हात दाखव."

लॉटीने हात मागे नेले. व्हर्नाने ते ओढून मोजे काढले आणि कापणारी बोटं पाहिली.

"मुलीला कळवणार आहेस?" लॉटीने हळूच विचारलं.

व्हर्नाने आम्हांला आपल्या पिशवीत टाकलं आणि ती घरी निघाली. माझ्यामुळे गुपित फुटलं, या विचाराने मी पार खचलो.

सोमवारी पोस्ट उघडण्याआधी व्हर्ना धक्क्यावर हजर झाली, नवऱ्याचा जुना रेनकोट घालून.

"तू सुकाणू धर. ओढायचं काम माझं."

"तुला तर फेरीबोटीतही उलटी होते!"

"होऊ दे. समुद्र काही तक्रार करत नाही."

तिने आम्हांला हातांत चढवलं आणि खाऱ्या पाण्यात बुडवलं. अहाहा! त्या दिवशी व्हर्ना दोनदा कठड्यावर वाकली आणि तरी सापळे ओढत राहिली. मागून लॉटी ओरडत होती, "ओढ की! टपालाची पिशवी आहे का ती?" ओरडता ओरडता ती रडत होती.

लॉटी बेटावरच राहिली. थंडी संपेपर्यंत आम्ही आटून घट्ट झालो, पण व्हर्नाच्या मापाचे. लॉटीने एकदा मला घालून पाहिलं, तर तिचा रुंद पंजा आत जाईचना.

मित्रांनो, प्रेमाने विणलेली वस्तू खिशात जपून ठेवू नका. तिला कामाला लावा. आणि तुम्ही दिलेली भेट कोणी वापरत नसेल, तर रागावण्याआधी त्याचे हात एकदा आपल्या हातांत घेऊन बघा.