दोन सेंटीमीटर कमी

मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. शिंप्याच्या गळ्यातली नव्हे, इस्पितळातली. ज्यांना महिनोन्‌महिने शिरेतून औषध द्यायचं असतं, त्यांच्या दंडातून एक बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत सरकवतात. ती किती लांब हवी, हे मी सांगते. त्या मोठ्या शिरेत रक्त जोरात वाहतं, म्हणून सहसा गोठत नाही. नळी आखूड पडून वरच थांबली, तर टोकाशी गुठळी धरायची भीती असते.

माझे चांगले दिवस मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली गेले. नळी निवडताना त्या म्हणत, “नाकापेक्षा मोती जड नको. शीर बारीक, तर नळीही बारीक.” दर सोमवारी मला पोलादी पट्टीशेजारी ठेवून तपासत. मला त्याचा रागच येई. त्या निवृत्त झाल्या आणि ती पट्टी कपाटामागे पडली. मग मला नुसतं स्पिरिटने पुसायचं, ओढून सरळ करायचं आणि खिळ्याला अडकवायचं, एवढंच राहिलं. ताणून ताणून मी सैल झाले. बेचाळीसला चाळीस म्हणू लागले. मला कळत होतं हो, पण सांगू कशी?

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई स्वतःला नळी घालून घ्यायला आली, मुलीला सोबत घेऊन. माप घेताना तिने मला सहज अंगठ्याखालून सरकवलं.

“भाऊ, ही टेप ताणलीय. आकडे बघा, कसे दूर गेलेत.”

माप घेणारा तंत्रज्ञ हसला. “मावशी, इथे फ्रॉक नाही शिवायचा!”

नळी आखूड बसली. एक्स-रेतही ते दिसलं. “जरा वर आहे, पण चालेल,” म्हणत त्याने पुढच्याला हाक मारली.

नवव्या दिवशी त्या बाईचा उजवा हात खांद्यापर्यंत सुजला. आत गुठळी झाली होती. सूज मोजायला पुन्हा मलाच गुंडाळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माझ्याकडे बघत राहिली.

“आईला परत मशीन चालवता येईल ना?” मुलीने विचारलं.

सूज मोजणाऱ्या सिस्टर आकडा लिहीत राहिल्या. तोही चुकीचाच होता.

आता ती नळी काढली आहे. पण औषध थांबवून चालणार नाही, म्हणून नवी नळी डाव्या हातातून घालायची आहे. माप उद्या सकाळी, आणि खिळ्यावर अजून मीच आहे. मित्रांनो, माप घेण्याआधी टेप तपासत जा. आणि माझी थोडी जरी दया येत असेल, तर कोणीतरी आजच मला कापून टाका.