ऐरणीचं टोक

"या म्हाताऱ्याच्या भरवशावर मागच्या साली माझ्या निम्म्या कुरडया भिजल्या," सोऱ्या दाबता दाबता शेजारच्या कुसाबाई गल्लीतल्या स्नेहलच्या कानात पुटपुटल्या. मी दोघींच्या मधोमध बसून चीक भरत होते. पण लेकीला ऐकू येत नाही, असं आमच्या गच्चीवर ठरलेलं आहे.

म्हातारा म्हणजे माझे वडील, हिरामणआप्पा. पाण्याच्या टाकीपाशी, स्वतः जोडलेल्या लोखंडी खुर्चीवर, तोंड सिन्नरकडे करून बसलेले.

आप्पा सातपूरला एका कारखान्यात घणावर होते. पहिली पाळी साडेतीनला सुटायची आणि एप्रिल-मेमध्ये नेमका तेव्हाच वळीव त्यांच्या सायकलशी इंदिरानगरपर्यंत शर्यत लावायचा. भिजून भिजून माणूस शिकला. "जूनचा पाऊस मुक्कामाला येतो, वळीव भांडायला," म्हणायचे. सकाळपासून वारा पडला, अंग चिकचिकलं, की तापलेल्या जमिनीवरची ओलसर हवा वर उसळणार. अकराला आभाळात फ्लॉवरचे गड्डे दिसले, तर तीन ते सातमध्ये तमाशा. ढगाचा माथा सपाट होऊन पसरला की झाली ऐरण. मग गाराही पडतील, वीजही. मिरगाच्या आधीचे दोन महिने, आणि पुन्हा पाऊस परतताना दसऱ्याच्या आगेमागे, आप्पांची मान कायम वर.

शाळेत मी भूगोलात काठावर पास. जे शिकले ते याच गच्चीवर, टाकीच्या कठड्यावर उभी राहून.

"उजू, टोक कुठं?" आप्पा खालून विचारायचे.

"सिन्नरच्या पल्याड."

"मग आपल्याला सुट्टी."

ऐरणीचं पसरलेलं टोक पांडवलेणीकडे वळलेलं असलं, की ढग आपल्या डोक्यावरून जाणार. मग आप्पा खच्चून ओरडायचे, "उचलाऽऽ!" आणि अख्ख्या गल्लीतल्या बाया पापड-कुरडया घेऊन जिन्याकडे पळायच्या. एकदा शेजारच्या लग्नाचा मांडव त्यांनी तासभर आधी रिकामा करवला. नवरदेव रुसला, पण कोरडा राहिला.

आज तीन वाजता कुसाबाईंनीच विचारलं, "आप्पा, काय म्हणतंय आभाळ?"

"आज नाही येत. वाळू दे निवांत."

सिन्नरच्या अंगाला पांढरीशुभ्र ऐरण उभी होती. एवढी ठसठशीत, की शेंबड्या पोरानंही दाखवली असती. स्नेहलच्या मोबाईलवर विजांचा इशारा आला. तिनं तो गुपचूप उलटा ठेवला. कुसाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी कुरडयांकडे.

"तशा वाळल्यातच म्हणा," स्नेहल म्हणाली. सकाळी घातलेल्या कुरडया, बोटाला चिकटत होत्या! तरी आम्ही तिघींनी प्लास्टिकची टोकं धरली आणि झोपलेल्या बाळाखालचं दुपटं काढावं तसं आवाज न करता उचलायला लागलो.

तेवढ्यात लखकन झालं. मी मनातल्या मनात मोजायला लागले. आप्पांचा चेहरा तसाच, शांत. बाविसाला गडगडलं, तेव्हा कुठे ते दचकले. खुर्चीचा दांडा त्यांनी घट्ट धरला.

"किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"बावीस."

तिसाच्या आत आलं तर कुणी गच्चीवर थांबायचं नाही, हा त्यांचाच नियम. पण ते उठेनात. उठायचं म्हणजे आपलं चुकलं, हे आम्हा तिघींसमोर कबूल करायचं. आणि त्या लोखंडावर त्यांना एकटं सोडून मी काही जिना उतरणार नव्हते.

"आप्पा, चला. चहा टाकते."

"टाक ना. मी आहे इथंच."

पुन्हा लखकन. या वेळी पंधरा. थंड वारा सुटला, कुसाबाई कुरडयांसकट जिन्याच्या दारात थबकल्या. मी खुर्चीशेजारी उकिडवी बसले आणि तोंडातून जुनंच निघून गेलं, "आप्पा, टोक कुठं?"

विचारलं आणि जीभ चावली.

आप्पांनी माझा हात चाचपून धरला.

"तूच सांग, उजू," ते म्हणाले. "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."